चौकडी का मोडली?

लंडनमध्ये घर असलं की उन्हाळ्यात त्याची धर्मशाळा होते, हे या अंकाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. पुणे, नाशिक, डोंबिवलीहून मंडळी येतात आणि यजमानाला गाइडची नोकरी लागते. टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ, ग्रिनिच, आणि हल्ली न चुकता ॲबी रोडचं झेब्रा क्रॉसिंग! मागच्या जुलैत आमच्याकडे मावशी, तिचा मुलगा-सून आणि पंधरा वर्षांची नात असे चौघं होते. सेंट जॉन्स वुड स्टेशनवर उतरून चालत गेलो. नातीने रस्त्यातच बूट-मोजे काढले आणि अनवाणी पट्ट्यांवरून निघाली. मावशी ओरडली, ''अगं, काच-बीच लागेल! चपला का काढतेस?''

मग नातीने आजीला फोनवर ते मूळ चित्र दाखवलं. चार तरुण एका मागोमाग एक रस्ता ओलांडतायत. पुढे पांढऱ्या सुटात जॉन लेनन, मागे काळ्या सुटात रिंगो स्टार, मग अनवाणी पॉल मॅकार्टनी आणि शेवटी जीन्समधला जॉर्ज हॅरिसन. मावशीने चष्मा वर करून ते नीट पाहिलं. तिने बँकेत तीस वर्षं काढली आहेत, तिला गोष्टी तपासून घ्यायची सवय. म्हणाली, ''इतके शिस्तीत चाललेत एका ओळीत, मग भांडले कशाला रे?''

मी पटकन उत्तर देऊ शकलो नाही. कॉलेजपासून बीटल्स ऐकतोय, पहिली कॅसेट मित्राकडून 'दोन दिवसांसाठी' आणून परत न केलेला माणूस मी! पण मावशीचा प्रश्न घेऊन घरी आलो आणि कपाटातली पुस्तकं पुन्हा काढली. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं जरा उशिरा दिलेलं उत्तर.

आधी त्या चित्राबद्दल. तारीख ८ ऑगस्ट १९६९. फोटोग्राफर इयन मॅकमिलन रस्त्याच्या मधोमध शिडीवर चढला, पोलिसाने वाहनं थांबवली आणि जेमतेम दहा मिनिटांत सहा फोटो काढून झाले. त्यातला एक निवडला, त्यात चौघं स्टुडिओपासून दूर चाललेले आहेत. त्यानंतर बाराच दिवसांनी, २० ऑगस्टला, ते चौघं एकत्र स्टुडिओत आले ते शेवटचे. पुढच्या महिन्यात २० सप्टेंबरला जॉनने बैठकीत 'मी चाललो' असं सांगून टाकलं. आणि हे चित्र असलेली तबकडी दुकानात आली २६ सप्टेंबरला! म्हणजे जग ज्या चित्राला मैत्रीचं चित्र समजून आजही त्या पट्ट्यांवर फोटो काढून घेतं, ते बाजारात आलं तेव्हा चौकडी मोडलेली होती. फक्त कोणाला सांगितलं नव्हतं.

नेहमीचं उत्तर

'का मोडली?' याचं लोकांचं उत्तर ठरलेलं आहे. जॉनची बायको योको ओनो. बाई आली आणि घर फुटलं, हे उत्तर आपल्याकडे भाऊबंदकीच्या गोष्टीतही चालतं आणि लिव्हरपूलच्या मुलांच्या गोष्टीतही चालतं. गंमत म्हणजे पॉलला हे तेव्हाच दिसत होतं. पीटर जॅक्सनने २०२१ साली जानेवारी १९६९ च्या जुन्या चित्रीकरणातून जवळजवळ आठ तासांचा 'गेट बॅक' हा माहितीपट केला. त्यात पॉल थट्टेने म्हणतो की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, योको एका अँप्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले. झालंही तसंच!

मी व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनीअर. इथे मास्टर्स करायला आलो तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी पहिल्याच महिन्यात कॉमेट विमानांची गोष्ट सांगितली होती. १९५४ साली ही नवीकोरी ब्रिटिश जेट विमानं हवेतच फुटली. कारण शोधायला फार्नबरोला एक सबंध विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात दाब भरायचा, सोडायचा, पुन्हा भरायचा, असं हजारो वेळा केलं. शेवटी पत्रा फाटला तो खिडकी-दरवाजासाठी कापलेल्या भोकाच्या कोपऱ्याजवळ. विमानं फुटली तेव्हा दाब काही जास्त नव्हता. रोजचाच होता. धातू थकला होता. आमच्या भाषेत याला फटीग म्हणतात. तडा जातो तेव्हा आवाज होत नाही. आवाज होतो तो तुकडा पडताना. आणि लोक आवाज झाला त्या दिवसाची चौकशी करत बसतात.

बीटल्सच्या बाबतीत तडा कधी गेला हे पाहायचं, तर १९६९ च्या बरंच मागे जावं लागतं.

एका मोटारीतली मुलं

या मुलांची खरी शाळा जर्मनीत झाली. १९६० पासून हॅम्बुर्गच्या बदनाम वस्तीतल्या क्लबांत रोज रात्री चार-चार, सहा-सहा तास वाजवायचं आणि एका सिनेमागृहाच्या मागच्या खोलीत झोपायचं. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात जवळजवळ तीनशे वेळा वाजवलं. रिंगो आला १९६२ च्या ऑगस्टमध्ये, आणि चौकडी पुरी झाली. मग चार वर्षं एक गाडी, एक हॉटेल, एक स्टेज. भांडण झालं तरी रात्री आठ वाजता एकत्र उभं राहावंच लागे आणि वाजवता वाजवता ते भांडण विरून जाई. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांचा संसार असाच चाले की!

पण नंतर ते स्टेजच नाहीसं झालं. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर माणसं होती. चौघांचे अँप्लिफायर शंभर-शंभर वॉटचे आणि गाण्याचा आवाज सामन्याच्या घोषणा करायच्या स्पीकरवरून! कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून आज स्टेजवर जे मॉनिटर स्पीकर असतात ते नव्हतेच. पोरींच्या किंकाळ्यांत रिंगोला बाकीच्यांचं काही ऐकू येईना, म्हणून त्यांची डोकी आणि पाठी कशा हलतायत ते बघून तो ठेका धरायचा. असल्या कार्यक्रमांना ते कंटाळले. २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोचा कार्यक्रम केला आणि दौरे बंद.

निर्णय चुकीचा होता असं म्हणता येत नाही. त्यामुळेच तर स्टुडिओत बसून 'सार्जंट पेपर' झालं. पण ज्या रोजच्या गोष्टीने चौघं बांधलेले होते ती सुटली. त्याच सप्टेंबरात जॉन सिनेमात काम करायला गेला, आणि जॉर्ज कुठे आला असेल? आपल्या मुंबईला! ताजमहाल हॉटेलात उतरून रविशंकरांकडे सतार शिकायला.

तिसऱ्याची गाणी

इथे थोडं थांबतो, कारण जॉर्जचा धागा आपल्याशी जुळतो. लंडनमध्ये तेव्हा अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया 'एशियन म्युझिक सर्कल' चालवत. इथल्या भारतीय वादकांचा तो अड्डा. त्यांच्यामार्फत १९६६ च्या एप्रिलमध्ये अनिल भागवत तबला घेऊन बीटल्सच्या स्टुडिओत गेले आणि जॉर्जच्या 'लव्ह यू टू' या गाण्यात त्यांनी साथ केली. 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. बाहेरच्या वादकांची नावं बीटल्स सहसा छापत नसत, म्हणून हे विशेष. ते ओळखीचं आडनाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत एकटाच हसलो होतो.

पुढे जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज पुन्हा मुंबईला आला. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने 'वंडरवॉल' या सिनेमाच्या संगीताचा काही भाग रेकॉर्ड केला. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ, बासरीवर केंकरे अशी मंडळी होती. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचं संगीतही झालं, त्यावर लंडनला जाऊन त्याने आवाज चढवला. बीटल्सच्या सिंगल तबकडीवर आलेलं जॉर्जचं हे पहिलं गाणं. आणि तेसुद्धा मागच्या बाजूला!

कारण गाणी म्हणजे जॉन आणि पॉल, हा तिथला अलिखित कायदा. जॉर्ज वयाने सर्वांत लहान. त्याच्या वाट्याला एका तबकडीत एक, फार तर दोन-तीन गाणी. मुंबईत त्याच्यासमोर मोठमोठे वादक 'तुम्हाला काय हवंय ते सांगा' म्हणून बसत, आणि लंडनला परत आला की तो पुन्हा धाकटा. चौकडी मोडल्यावर नोव्हेंबर १९७० मध्ये त्याने साठवलेली गाणी एकदम बाहेर काढली, तर तीन तबकड्यांचा संच भरला आणि तो पहिल्या क्रमांकावर गेला. इतकं सामान घरात पडून होतं आणि थोरल्यांनी कपाट उघडून पाहिलं नाही.

ज्याचं नाव कोणी घेत नाही तो माणूस

मावशीला मी आणखी एक फोटो दाखवायला हवा होता. ब्रायन एपस्टाइनचा. लिव्हरपूलमध्ये घरच्या दुकानात रेकॉर्ड विकणारा हा तरुण १९६१ साली कॅव्हर्नमध्ये या मुलांना ऐकायला गेला आणि त्यांचा मॅनेजर झाला. त्यांना सूट शिवले, कंपन्यांचे उंबरे झिजवले, करार केले. काही करार कच्चे केले हे खरं, पण चौघांचा त्याच्यावर भरवसा होता आणि पैशाचं बोलणं चौघांमध्ये कधी थेट होत नसे. मध्ये ब्रायन असे.

२७ ऑगस्ट १९६७ ला झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने तो गेला. वय ३२. चौघं तेव्हा वेल्समध्ये महर्षी महेश योगींच्या शिबिरात होते.

पुढे काय झालं? ज्यांनी कधी बँकेचं स्लिपबुक भरलं नाही अशा चौघांनी 'ॲपल' नावाची कंपनी काढली. बेकर स्ट्रीटवर कपड्यांचं दुकान थाटलं. ते डिसेंबर १९६७ मध्ये उघडलं आणि पुढच्या जुलैअखेरीस उरलेला माल लोकांना फुकट वाटून बंद केलं. पगार कोणाला, खर्च कशावर, कोण सही करतो, कशाचा पत्ता नाही.

१९६८ च्या सुरुवातीला चौघं हृषीकेशला गेले. तिथे गाणी भरपूर झाली, पण परतले वेगवेगळे. रिंगो दहा-बारा दिवसांत, पॉल महिन्याभरात, जॉन आणि जॉर्ज एप्रिलमध्ये. त्या गाण्यांची तबकडी करताना कधी एक जण एका स्टुडिओत, दुसरा शेजारच्या. ऑगस्टमध्ये रिंगो उठून निघून गेला. पुढे त्याने सांगितलेली हकिकत मला फार बोलकी वाटते. तो जॉनकडे गेला, म्हणाला, मी नीट वाजवत नाहीये आणि तुम्ही तिघं जवळचे, मी एकटा बाहेर. जॉन म्हणाला, मला तर वाटलं तुम्ही तिघं जवळचे! मग पॉलकडे गेला, पॉलही तेच म्हणाला. चार माणसं, आणि प्रत्येकाला वाटतंय की बाकीचे तिघं एक आहेत. दोनेक आठवड्यांनी रिंगो परतला तेव्हा जॉर्जने त्याचे ड्रम फुलांनी सजवून ठेवले होते. प्रेम होतं हो! नव्हता तो मधला माणूस.

जानेवारी १९६९ मध्ये ट्विकनहॅमच्या थंडगार सिनेमा-स्टुडिओत कॅमेऱ्यांसमोर तालीम सुरू झाली. १० तारखेला जॉर्ज निघून गेला. समजूत काढून त्याला परत आणला, मुक्काम सॅव्हिल रो वरच्या ऑफिसच्या तळघरात हलवला. २२ तारखेला बिली प्रेस्टन नावाचा अमेरिकन पियानोवादक भेटायला आला आणि त्याला सगळ्यांनी वाजवायला बसवलं. काय आश्चर्य, सगळे एकदम गोड वागू लागले! आपल्याकडे पाहुणे आले की नवरा-बायकोचा अबोला सुटतो ना, तसं. आठवड्याभरात, ३० जानेवारीला, त्याच इमारतीच्या गच्चीवर भर थंडीत त्यांनी ४२ मिनिटं वाजवलं, पोलीस येईपर्यंत. 'गेट बॅक'मध्ये ते बघताना कोणी म्हणणार नाही की हे मोडायला आलेत. स्टेजवर उभे राहिले की ते पुन्हा हॅम्बुर्गची पोरं होत.

पण गच्चीवरून खाली उतरल्यावर हिशेबाचा प्रश्न तसाच. ब्रायनच्या जागी कोण? जॉन, जॉर्ज आणि रिंगोला न्यूयॉर्कचा ॲलन क्लाइन हवा. पॉलला आपले होणारे सासरे आणि मेव्हणा, म्हणजे ईस्टमन वकील, हवेत. एकाच्या सासऱ्याच्या हातात चौघांच्या तिजोरीच्या किल्ल्या द्यायला बाकीचे कसे तयार होतील? आणि पॉलला क्लाइन अजिबात पटेना. तीन विरुद्ध एक. आजवर चौघांपैकी एकाचा नकार म्हणजे नकार, अशी रीत होती. ती इथे पहिल्यांदा मोडली.

१० एप्रिल १९७० ला पॉलच्या एका प्रश्नोत्तराच्या पत्रकातून बातमी जगाला कळली आणि फोडल्याचा आळही त्याच्याच माथी आला. १९६७ साली चौघांनी दहा वर्षांचा भागीदारीचा करार केला होता. त्यातून सुटायला पॉलने ३१ डिसेंबर १९७० रोजी तिघा मित्रांविरुद्ध हायकोर्टात दावा लावला. १२ मार्च १९७१ ला निकाल पॉलच्या बाजूने लागून कोर्टाने रिसीव्हर नेमला. ज्या क्लाइनवरून हे झालं, त्याच्याशीही १९७३ मध्ये बाकी तिघांनी फारकत घेतली! भागीदारी कायद्याने संपली जानेवारी १९७५ मध्ये. गाणी करायला आठ वर्षं, कागद फाडायला पाच.

आमचा ऑर्केस्ट्रा

आता हे सगळं मला इतकं का लागतं ते सांगतो. बीटल्सच्या पंगतीला आम्हाला बसवायचा आगाऊपणा नाही, पण आमचाही एक ऑर्केस्ट्रा होता. इथल्या गणेशोत्सवात २०११ साली सुरू झाला. एक गिटारवाला, एक तबलजी, दोन गाणारे आणि कीबोर्डवर मी. सहावा एक होता, तो काहीच वाजवत नसे. शाळेचा हॉल बुक करणं, किल्ली आणणं, स्पीकर भाड्याने घेणं, कोण रुसलंय त्याला फोन करणं ही त्याची कामं. तालीम त्याच्याच गॅरेजमध्ये, वहिनींच्या हातचा उपमा खाऊन. २०१७ साली तो कायमचा नाशिकला परत गेला. आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिलं, गळाभेटी झाल्या. त्याची कामं कोण करणार हे कोणी विचारलं नाही.

मग गॅरेज गेलं. 'ज्याने त्याने घरी बसवून या, फोनवर पाठवा' असं सुरू झालं. आमच्या तबलजीने बहिणाबाईंच्या ओव्यांना स्वतः एक चाल लावली होती. मला ऐकवली. चांगली होती. मी म्हटलं, ''पुढच्या वर्षी बघू.'' दुसऱ्या वर्षीही तेच म्हटलं, आणि तिसऱ्याही. लोकांना ओळखीची गाणी लागतात, असं माझं ठाम मत. यादी मी करत असे ना!

२०१९ च्या उत्सवानंतर स्पीकरच्या भाड्याचे ८५ पौंड कोणी भरायचे यावरून वाद झाला. तबलजी उठला, तबला उचलला आणि गेला. त्यानंतर आम्ही एकत्र वाजवलेलं नाही. मंडळात आजही सांगतात, 'पंच्याऐंशी पौंडांवरून फुटले.' मीही तसंच सांगत होतो. रोज थकलेले पूल तपासणारा इंजिनीअर, पण घरचा तडा दिसला नाही.

फुटणं अटळ असतं असंही नाही. रोलिंग स्टोन्स १९६२ चे. त्यांची भांडणं काही कमी झाली नाहीत, पण स्टेज सोडलं नाही आणि २०२३ साली त्यांची नवी तबकडी आली. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या 'क्वीन'ने १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून, गाणं कोणीही लिहिलेलं असो, नाव चौघांचं असं ठरवलं. रॉयल्टीची निम्मी कुरकुर तिथेच मिटली. साधे उपाय आहेत हे. आपल्या मंडळांनाही लागू पडणारे. वाजवणाऱ्यांनी हिशेब सांभाळू नये, महिन्यातून एकदा तरी एका खोलीत बसावं, आणि यादी करणाऱ्याने दर वर्षी धाकट्याचं एक गाणं घ्यावंच घ्यावं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नाऊ अँड देन' हे बीटल्सचं शेवटचं गाणं आलं. जॉनच्या घरगुती कॅसेटमधून कॉम्प्युटरने त्याचा आवाज पियानोपासून वेगळा काढला, जॉर्जची १९९५ ची गिटार घेतली, पॉल आणि रिंगोने आपलं वाजवणं जोडलं. इंजिनीअर म्हणून मी थक्क झालो. पण तोवर जॉनला जाऊन जवळजवळ ४३ वर्षं झाली होती आणि जॉर्जला जवळजवळ २२.

मावशी भारतात परतली त्या आठवड्यात मी तिला फोनवर हे सगळं थोडक्यात सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ''म्हणजे हिशेबनीस गेला, आणि धाकट्याला कोणी विचारेना. अरे, हे तर आपल्या वाड्याचंच झालं की!'' तीस वर्षांच्या बँकेने तिला माणसं बरोबर शिकवली आहेत.

तो फोन ठेवला आणि दुसरा केला. पाच वर्षांनी. तबलजीने आधी मुलांची चौकशी केली, मग नोकरीची, मग आम्ही दोघंही गप्प. शेवटी मी विचारलं, ''ती ओव्यांची चाल अजून लक्षात आहे का रे?''

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, ''चाल आहे. तबल्याची शाई गेलीय.''

ऑर्केस्ट्रा पुन्हा सुरू होईल असं मी म्हणत नाही. पण तबला दुरुस्त करणारा माणूस लंडनमध्ये कोणाला माहीत असेल, तर कृपया मंडळाच्या पत्त्यावर कळवावं. बिल मी भरतो.